खोडायचं नाही, रेघ मारायची

माझ्या आवाजाबद्दल शाळेत एक कथा होती. मी तळमजल्यावर पाढे घ्यायला लागले की दुसऱ्या मजल्यावरचा चित्रकलेचा वर्गही बरोबर म्हणायला लागतो म्हणे. कथा अर्धी खरी होती आणि उरलेली अर्धी मीच पसरवली होती. मुलं माझ्या मागे मला 'तोफ' म्हणत. ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं. चोवीस वर्षं गणित शिकवलं ते याच घशाच्या जोरावर. फळ्याकडे तोंड करून बोलले तरी शेवटच्या बाकावरचा पोरगा सरळ बसायचा.

मग एका सोमवारी 'समीकरण' म्हणताना माझा 'स' आला आणि पुढचं काहीच आलं नाही.

घशाचे डॉक्टर माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या वयाचे होते. नळी घालून त्यांनी आत पाहिलं, पडद्यावर मलाही दाखवलं. दोन गाठी, समोरासमोर, भांडायला उभ्या राहिलेल्या जावांसारख्या. "बाई, सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही," ते म्हणाले. "कुजबुजायचंही नाही, त्यानं आणखी ताण पडतो."

"आणि बोलले तर?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तर हा तुमचा शेवटचा प्रश्न समजा."

घरी या बातमीचं स्वागत झालं. सासूबाईंना दहा वर्षांपासून ऐकू येत नाही. आता मला बोलता येत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता दोघी एका पंक्तीला."

शाळेत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, सरळ माणूस. त्यांनी मला समोर बसवलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडत सांगितलं, "बदली, शिक्षिका, घ्यावी, लागेल." मला बोलता येत नव्हतं, ऐकू छान येत होतं. पण आवाज गेलेल्या माणसाशी लोक ओरडूनच बोलतात, हा शोध मला त्या आठवड्यात लागला. बदली शिक्षिका आली की ती वर्षअखेरपर्यंत राहणार, आणि मी जुन्या हजेरीपटांच्या खोलीत बसून याद्या करणार. चोवीस वर्षांनंतर ती खोली! तिथे दिवसा दिवा लावावा लागतो.

मी कागदावर लिहिलं, 'तीन आठवडे द्या. सातवीचा वर्ग न बोलता चालवून दाखवते.'

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. "ठीक आहे. तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी मी येऊन मागे बसेन. वर्ग चालत असला तर तुमचा. नसला तर सोमवारपासून बदली."

असं मी बोलून बसले, म्हणजे लिहून बसले. चालवायचा कसा, ते देवालाच ठाऊक.

शाळेला आदल्या वर्षी टॅब्लेट मिळाले होते. माझ्या वर्गाच्या वाट्याचे आठ कपाटात पडून होते आणि त्यांच्यावर मी भूमितीचे लाकडी त्रिकोण ठेवले होते. 'पाटीला वीज लागत नाही,' असं मी संगणकाच्या सरांना दोनदा ऐकवलं होतं. आता त्यांच्याच दारात जाऊन उभी राहिले. सर भले, टोमणा मारला नाही. अर्ध्या तासात त्यांनी सगळं जुळवून दिलं. वर्गाचं एक सामाईक पान. बत्तीस मुलांचे आठ गट, प्रत्येक गटाला एक टॅब्लेट, प्रत्येक गटाच्या अक्षरांचा रंग वेगळा. एका गटानं लिहिलं की ते सगळ्यांना तिथल्या तिथे दिसणार, प्रोजेक्टरमधून भिंतीवर मोठं होऊन दिसणार. माझ्याही टॅब्लेटवर तेच पान, माझी अक्षरं काळी. शिवाय त्यांनी मला एक वेगळं पान करून दिलं, घरी-दारी लोकांशी बोलायला. "बोट असं सरकवलं की वर्गाचं पान, असं सरकवलं की तुमचं," सर म्हणाले. दोन्ही पानं पांढरी, दोन्हींवर अक्षरं काळी. मी मान डोलावली.

इथे माझ्या वर्गाचा एक नियम सांगायला हवा. माझ्या वर्गात खोडरबर चालत नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी मी सगळी खोडरबरं एका डब्यात गोळा करते आणि शेवटच्या दिवशी परत देते. चूक झाली तर खोडायचं नाही. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खाली चूक का झाली ते लिहायचं आणि पुढे जायचं. खोडलेली चूक पुन्हा येते, रेघ मारलेली सहसा येत नाही, एवढा माझा चोवीस वर्षांचा अनुभव.

टॅब्लेटवर पहिल्याच दिवशी पोरांना कळलं की एका बोटानं अख्खी ओळ नाहीशी होते, आणि दुसऱ्या गटाचीसुद्धा! दहा मिनिटांत हिरव्यांनी निळ्यांचं पुसलं, निळ्यांनी तांबड्यांचं पुसलं, आणि पानावर शेवटी फक्त माझं 'शांत बसा' उरलं. मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'खोडायचं नाही. रेघ मारायची. खाली कारण आणि सही.' जुनाच नियम, पण त्याला आता धार आली. आधी एकाची चूक त्याच्या वहीत राहायची. आता आठही गट एकमेकांच्या चुकांवर टपून बसायला लागले, आणि कारण लिहायचं म्हणजे आधी समजून घ्यायला लागायचं.

पण मुलं भिंतीकडे बघतच नसत. लिहून लिहून माझं बोट दुखायचं आणि ही मंडळी आपापल्या टॅब्लेटवर माना घालून गुंग. तेव्हा मदतीला धावली ती 'रेडिओ'. खरं म्हणजे धावली नाही, तिला राहवलं नाही.

रेडिओ म्हणजे पिवळ्या गटातली मुलगी. दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. तिचं तोंड सकाळी लागलं की शाळा सुटेपर्यंत बंद होत नसे. गणित सोडवतानासुद्धा बोलायची. "आता हा इकडे घेतला, याचं चिन्ह बदललं, आता भागायचं, अगं बाई, हा तर जातच नाही!" अख्ख्या वर्गाला तिचं उत्तर ऐकू यायचं, चुकलेलंही. दोन वर्षांत मी तिला किती वेळा दाराबाहेर उभं केलं असेल त्याची गणती नाही. व्हरांड्यातली तिच्या पाठीची जागा भिंतीवर उमटली होती.

मी भिंतीवर लिहिलं, 'वह्या उघडा.' कुणी हललं नाही. रेडिओनं सवयीनं मोठ्यानं वाचलं, आणि वाचलं तेही माझ्या आवाजात, कमरेवर हात ठेवून, "वह्या उघडा!" पोरं खो-खो हसली. मग खरंच वह्या उघडल्या. मी तिच्याकडे डोळे वटारले आणि लगेच लिहिलं, 'पान बेचाळीस.' तिनं तेही वाचलं. त्या दिवसापासून पानावर जे येईल ते मोठ्यानं वाचायचं हे तिचं काम झालं. माझं असो, कुठल्याही गटाचं असो, रेडिओ भिंतीजवळ उभी राहून वाचणार. दाराबाहेरची पोरगी भिंतीजवळ आली. मी याबद्दल फार विचार केला नाही. सोय झाली, एवढंच मला वाटलं.

आणि वर्ग चालायला लागला! मला स्वतःला खरं वाटेना. अंगणातला नळ कधीचा गळत होता. मी लिहिलं, 'हा नळ दिवसाला किती पाणी वाया घालवतो? शोधा. कसं ते मी सांगणार नाही.' एरवी मी सगळं सांगितलं असतं, उदाहरण फळ्यावर सोडवून दिलं असतं आणि पोरांनी उतरवून घेतलं असतं. आता सांगायला घसाच नव्हता. पोरं पेले घेऊन अंगणात धावली. प्रत्येक गटात एक जण मोजी, दुसरा घड्याळ बघे, तिसरा पानावर लिही. दोनशे मिलिलिटरचा पेला भरायला दीड मिनिट. सात गटांचं उत्तर आलं, दिवसाला एकशे ब्याण्णव लिटर. तांबड्या गटाचं आलं दोनशे एकवीस.

"नळ तोच, पेला तोच, मग तुमचं पाणी जास्त कसं?" हिरव्या गटातला चष्मेवाला भांडायला उठला. तांबडे म्हणाले, तुम्हीच झोपला होतात. मी फळ्यापाशी हात बांधून उभी. पूर्वीची मी असते तर एका वाक्यात मिटवलं असतं. रेडिओनं तांबड्यांची ओळ मोठ्यानं वाचायला घेतली, "वेळ एक पॉइंट तीस मिनिटं... ए, थांबा थांबा. मिनिटात सेकंद किती? साठ. मग तीस सेकंद म्हणजे अर्धं. अर्धं म्हणजे पॉइंट पाच! तुम्ही पॉइंट तीस लिहिलंय! तुमच्या मिनिटात शंभर सेकंद आहेत होय रे?" तांबड्यांनी कपाळावर हात मारला. ओळीवर रेघ पडली, खाली कारण लिहिलं गेलं आणि त्याच्याखाली पिवळ्या अक्षरांत सही, 'रे.'

दुसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी वर्गात शिरले तर रेडिओ दारातच उभी. "बाई, आज भाजीत मीठ नीट पडलं का?" आणि पाठीमागे सगळे फिदीफिदी. मला वाटलं, पोरगी डोक्यावर चढून बसली. मी असं बघितलं की ती जागेवर जाऊन बसली. खरं तर तेव्हाच मी शहाणी व्हायला हवं होतं. आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंना लिहून दाखवलं होतं, 'भाजीत मीठ कमी आहे, ठाऊक आहे, तोंड वाकडं करू नका.' ते मी कुठल्या पानावर लिहिलं होतं, हे मला कळलंच नव्हतं. सकाळी शाळेत येताना मी ते पुसून टाकलं, पण तोवर लवकर आलेल्या पोरांनी भिंतीवर वाचलं होतं. दुसऱ्यांना रेघ मारायला लावणारी मी, घरचं मात्र बिनदिक्कत पुसत होते, कुठलं पान आहे ते न बघता.

मग तिसऱ्या आठवड्याचा बुधवार आला. मोठ्या बाई शुक्रवारी येणार होत्या. तास चालू असताना शिपाई मामा दारात आले, "मोठ्या बाईंनी बोलावलंय, आत्ताच." मी गटांना काम दिलं, टॅब्लेट काखेत मारला आणि गेले.

मोठ्या बाई हसत होत्या. "अहो, व्हरांड्यातून जाताना ऐकलं. वर्ग झकास चाललाय! पण तो चालवतेय ती मुलगी, जिला तुम्ही रोज बाहेर उभं करायचात. ती वाचते, ती मुलांना हलवते, भांडणं ती सोडवते. मग, रागावू नका हं, तुम्ही नक्की करता काय?"

त्यांनी सहज विचारलं होतं. माझ्या मात्र हजेरीपटांची खोली डोळ्यांसमोर आली, तिथला पिवळा दिवा आला. मी घाबरले, आणि मी घाबरले की माझी जीभ फार तिखट होते. जीभ नव्हती, बोट होतं. बोट सरकवलं आणि लिहिलं:

'ती मुलगी नुसतं तोंड आहे. डोकं माझं. ती समोरचं वाचते, बस. पोपटाला निदान पाठ करावं लागतं, हिला तेवढंही नाही. उद्या दुसऱ्या कुणालाही उभं केलं तरी वर्ग असाच चालेल.'

मोठ्या बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "बरं. शुक्रवारी बघू."

मी परतले तेव्हा सातवीच्या वर्गातून काहीच आवाज येत नव्हता. पूर्वी असं झालं की मला अभिमान वाटायचा. दार ढकललं. बत्तीस मुलं माझ्याकडे बघत होती. भिंतीवर, वीतभर उंचीच्या काळ्या अक्षरांत, माझी वाक्यं होती.

रेडिओ भिंतीजवळ उभी होती. पानावर येईल ते वाचायचं हे तिचं काम. तिनं ते वाचलं होतं. नंतर चष्मेवाल्यानं मला सांगितलं, पहिलं वाक्य तिनं माझ्या आवाजात, कमरेवर हात ठेवून वाचलं. दुसऱ्या वाक्याला हात खाली आला. पण ती थांबली नाही. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, पोपटासकट. मग ती जागेवर जाऊन बसली आणि तिनं सुटलेली वेणी घालायला घेतली.

मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटलं. बोट पुसायच्या खुणेवर गेलंसुद्धा. एक स्पर्श, आणि भिंत स्वच्छ. बत्तीस जोडी डोळे त्या बोटाकडे बघत होते. खोडरबरं गोळा करणारी बाई आता काय करते, ते त्यांना बघायचं होतं. माझ्याच्यानं पुसवलं नाही आणि रेघही मारवली नाही. घंटा झाली, मुलं निघून गेली.

गुरुवारी रेडिओ आली, पण तिचं तोंड बंद. मी भिंतीवर लिहीत होते आणि कुणी वाचत नव्हतं. चष्मेवाल्याला उभं केलं. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला, मागच्यांनी जांभया दिल्या. निळ्यांनी चुकीचं लिहिलं, ते तासभर तसंच राहिलं. 'दुसऱ्या कुणालाही उभं केलं तरी वर्ग असाच चालेल' असं मी लिहिलं होतं ना? घ्या, बघा म्हणावं. मधल्या सुट्टीत मी तिच्या बाकावर एक चिठ्ठी ठेवली. घडी घातलेली, माफी मागणारी. तिनं ती न उघडता परत माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"बाई, मी समोरचं वाचणं बंद केलंय," ती म्हणाली. एवढंच ती दिवसभरात बोलली.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात टॅब्लेट घेऊन बसले. वर्गाच्या पानावर तीन आठवड्यांचं सगळं जपलेलं होतं, पहिल्या दिवसापासून. म्हटलं बघू तरी, हिनं केलं काय. रेघ मारलेल्या ओळी मोजल्या. एकूण चौतीस चुका पकडल्या गेल्या होत्या. प्रत्येकीखाली कारण आणि सही. त्यांतल्या अकरांखाली 'रे.' होतं. वर्गात मुलं बत्तीस, आणि तिसरा हिस्सा एकटीचा. मी पुन्हा मोजलं. मग एकेक आठवत गेले. प्रत्येक वेळी असंच झालं होतं. ती दुसऱ्याचं मोठ्यानं वाचायची, मध्येच "ए, थांबा" म्हणायची आणि चूक पकडायची. तिला चूक दिसत नव्हती, ऐकू येत होती. ही पोरगी बोलून विचार करत होती. आणि तिनं विचार करायला सुरुवात केली की दोन वर्षं मी तिला दाराबाहेर काढत होते.

मला रडू आलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्यांनी टॅब्लेट ओढून घेतला आणि भिंतीवर गेलेलं ते सगळं वाचलं, पोपट आणि सगळं. त्या वाचायला वेळ लावतात. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे तू सगळ्यांदेखत म्हणालीस?"

मी मान हलवली.

"आणि माफी चिठ्ठीत? घडी घालून?" त्यांनी शेंगांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "शेण भर चौकात खायचं आणि तोंड मोरीत धुवायचं होय गं? सोल."

शुक्रवारी मोठ्या बाई वेळेवर आल्या आणि मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. मुलं ताठ. त्या दिवशी नळाचा हिशेब महिन्याचा आणि वर्षाचा करायचा होता. मी आदल्या दिवशीच सगळी तयारी केली होती, कुठल्या गटाला काय द्यायचं ते ठरवलं होतं. ती तयारी बाजूला ठेवली. मी खाली बसले आणि वर्गाचं पान मागे सरकवत नेलं, बुधवारच्या त्या वाक्यांपर्यंत. भिंतीवर ती पुन्हा उभी राहिली. मागे मोठ्या बाईंची लेखणी थांबली. त्यांनाही ती वाक्यं ओळखीची होती.

सोमवारपासून मी कुठे बसणार, हे पुढच्या चार ओळींवर ठरणार होतं. मी पहिल्या वाक्यावर रेघ मारली. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, पाचही वाक्यांवर. आणि खाली, नियमाप्रमाणे, कारण लिहिलं:

'हे चूक आहे. कारण मोजलं नव्हतं. आता मोजलं. तीन आठवड्यांत या वर्गानं चौतीस चुका पकडल्या. त्यांतल्या अकरा एकट्या रेडिओनं. मी एकही नाही. ती वाचता वाचता विचार करते, आणि मी त्याला बडबड म्हणत आले. ती नसली की वर्ग चालत नाही, हे काल दिसलं. मी हे लिहिलं कारण माझा वर्ग जाईल अशी मला भीती वाटली. भीती हे या चुकीमागचं कारण आहे, सबब नाही.'

आणि खाली सही केली, 'तोफ.'

कुठेतरी एक हसू फुटलं आणि दाबलं गेलं. सगळे मनातल्या मनात वाचत होते. ओठ हलताना दिसत होते. मी मोठ्या बाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. पिवळ्या गटाकडेही नाही. टेबलावरच्या खडूच्या धुळीकडे बघत बसले.

बाक सरकल्याचा आवाज आला.

रेडिओ उठून भिंतीजवळ गेली. तिनं घसा साफ केला आणि वाचायला लागली. या वेळी माझ्या आवाजात नाही, स्वतःच्या. "हे चूक आहे. कारण मोजलं नव्हतं. आता मोजलं. तीन आठवड्यांत या वर्गानं चौतीस चुका पकडल्या. त्यांतल्या अकरा एकट्या... ए, थांबा."

वर्ग थांबला.

"अकरा नाही, बारा," ती म्हणाली. "अपूर्णांकांची ती हिरव्यांनी लिहिली, हिरवी सही आहे. पण सांगितली मी होती. मी इथून ओरडले आणि यानं लिहिली."

चष्मेवाला उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "हो बाई. तिनंच सांगितलं होतं. मी फक्त लिहिलं."

"पानावर फक्त लिहिलेलं दिसतं, बाई," रेडिओ मला समजावून सांगावं तसं म्हणाली. "बोललेलं दिसत नाही."

मी 'अकरा'वर रेघ मारली. खाली लिहिलं, 'बारा. कारण, मी फक्त सह्या मोजल्या.' रेडिओनं तेही वाचलं, मग उरलेलं सगळं वाचलं, सहीपर्यंत. 'तोफ' म्हणताना तिचा हात आपोआप कमरेवर गेला. मग तिनं पिवळ्या गटाचा टॅब्लेट उचलला आणि माझ्या रेघ मारलेल्या पहिल्या वाक्याखाली काहीतरी लिहिलं. ते भिंतीवर उमटलं: 'ही चूक अर्धीच आहे. तोंड आहे हे बरोबर. रे.'

वर्ग असा हसला की वर चित्रकलेच्या वर्गात ऐकू गेलं असेल.

हशा ओसरल्यावर तांबड्यांनी विचारलं, "मग नळ? वर्षाचं करायचं ना?" आणि पेन्सिली सरसावल्या. कुणी म्हणालं तीनशे पासष्टनं गुणा, कुणी म्हणालं सुट्टीतही नळ गळतो का ते आधी ठरवा, त्यावरून दोन गट पडले आणि वाद पेटला. मी हात बांधून उभी राहिले. माझं काम तेच होतं, हे मला त्या वेळी नीट कळलं. त्यांनी भांडावं असा प्रश्न आणायचा आणि उत्तर गिळून उभं राहायचं. बोलण्यापेक्षा ते फार अवघड जातं मला.

घंटा झाल्यावर मोठ्या बाई पुढे आल्या. त्यांनी रेडिओला बोलावलं. "तुझ्या बाईंना सांग," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "बदली शिक्षिका नको असं मी आजच कळवतेय. आणि तो नळ सोमवारी दुरुस्त होईल. वर्षाला सत्तर हजार लिटर म्हणजे काय!"

"बाई, त्यांना ऐकू येतं," रेडिओ म्हणाली. "नुसतं बोलता येत नाही."

मोठ्या बाई लाजल्या. चोवीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच लाजताना बघितलं. मी मात्र भिंतीकडे तोंड केलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तोफेचं रडणं पोरांनी बघावं असं मला वाटत नव्हतं.

सहा आठवडे संपले तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी मुगाएवढ्या उरल्या होत्या. "दिवसाला दहा मिनिटं बोला," ते म्हणाले. "जपून. तो जुना आवाज आता परत येणार नाही." जाताना वाटलं होतं, हे ऐकलं तर मी कोसळेन. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले. बातमी माझ्याआधी पोहोचली होती. बत्तीस मुलं श्वास रोखून बसलेली, बाईंचा पहिला शब्द काय येतो ते ऐकायला. दहा मिनिटं होती माझ्याकडे, आणि रस्ताभर मी ठरवत आले होते की काय बोलायचं. एक छोटं भाषणही मनात तयार होतं. भिंतीवर हिरव्या गटाचं उदाहरण होतं आणि त्यात, मला दारातूनच दिसलं, चौथ्या ओळीत चूक होती.

मी रेडिओकडे बघितलं.

"वाच," मी म्हणाले.

ती उठली, भिंतीपर्यंत गेली आणि वळली. "बाई, आवाज फारच घोगरा आहे हो," ती काळजीनं म्हणाली. "मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. मीठ कमी घालू नका." मग तिनं हिरव्यांची पहिली ओळ मोठ्यानं वाचायला घेतली, आणि मी माझी उरलेली नऊ मिनिटं तशीच ठेवून बाकावर जाऊन बसले.